कोतवाल बुकापासून क्लाउडपर्यंत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

यवतमाळ जिल्ह्याच्या आर्णी तालुक्यात शेंदुरसनी नावाचे गाव आहे. लोकसंख्या दीड हजाराच्या आतबाहेर. २०२५ सालच्या अखेरीस हे गाव एकाएकी राज्यभर गाजले. या ग्रामपंचायतीच्या नावावर सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२५ या तीन महिन्यांत २७ हजारांहून अधिक जन्म नोंदले गेल्याचे उघडकीस आले. हिशेब करून पाहा. दिवसाला सरासरी ३०० जन्म! एवढी बाळे जन्मली असती, तर गावात पाळणे ठेवायला जागा उरली नसती. गुन्हा दाखल झाला, विशेष तपास पथक नेमले गेले. या नोंदी गावात बसून कोणी केलेल्या दिसत नाहीत, ग्रामपंचायतीचा लॉगिन आयडी मुंबईशी जोडलेला आढळला, असे त्या वेळच्या बातम्यांत आले होते.

दोष कोणाचा, हे न्यायालय ठरवील. आपल्याला वेगळा प्रश्न विचारायचा आहे. जी नोंद कोणत्याही वहीत नाही, जिला शाई नाही, अक्षर नाही, अंगठा नाही, ती खोटी आहे हे शोधायचे कसे? आणि ती कोणी केली, हे सिद्ध करायचे कसे? या प्रश्नाला एक इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात संगणकाच्या कितीतरी आधी होते.

शाई सांगते ते

विदर्भातल्या जुन्या माणसांना 'कोतवाल बुक' हा शब्द नवा नाही. यवतमाळला १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणत. त्या इंग्रजी अमदानीपासून गावातल्या जन्ममृत्यूची वर्दी कोतवालामार्फत जाई आणि ती वहीत उतरवली जाई. तारीख, गाव, बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी. पुष्कळदा बाळाचे नावही नसे, कारण बारसे व्हायचे असे. हीच पिवळी पडलेली पाने आज तहसीलच्या अभिलेख कक्षात जपून ठेवलेली असतात, आणि जात पडताळणीच्या वेळी लोक त्यांच्या नकलांसाठी रांग लावतात. अनुसूचित जाती-जमातींसाठी १९५०, विमुक्त भटक्यांसाठी १९६१, इतर मागासवर्गासाठी १९६७ या वर्षांपूर्वीचा पुरावा मोलाचा मानला जातो. पणजोबांच्या नावापुढची एक ओळ पणतूच्या शिक्षणाचे आणि नोकरीचे दार उघडू शकते.

ओळीला एवढी किंमत आली की ती बनवणारेही येतात. दोन ओळींच्या मधल्या जागेत एक नाव घुसडायचे, जातीच्या रकान्यात एक शब्द वाढवायचा, असे प्रकार झाले. त्यावर उपाय म्हणजे मूळ वही. पडताळणी समितीचे दक्षता पथक नकलेवर विसंबत नाही. ते मूळ वही उघडून पाहते. शाई एकच आहे का, वळण तेच आहे का, पानांचे क्रमांक सलग आहेत का, मधली ओळ दाटीवाटीने बसवली आहे का? गरज पडली तर हस्ताक्षर तज्ज्ञ येतो.

यातली तीन सूत्रे लक्षात ठेवू. मूळ प्रत पाहायची. तिच्यात फेरफार झाला की नाही हे तपासायचे. आणि ती कोणाच्या ताब्यात होती हे विचारायचे. पुढे यंत्रे बदलली तरी ही तीन सूत्रे बदलली नाहीत.

संगणक खोलीत होता तोवर

संगणकातील पुरावा ही गोष्ट जगातही फार जुनी नाही. अमेरिकेच्या एफबीआयने १९८४ च्या सुमारास त्यासाठी वेगळी व्यवस्था सुरू केली. १९९८ मध्ये 'एनकेस' हे सॉफ्टवेअर आले आणि पोलिसांच्या हाती एक पद्धतशीर हत्यार पडले. आपल्याकडे सी-डॅकच्या तिरुवनंतपुरम केंद्राने 'सायबरचेक' तयार केले. महाराष्ट्रात मुंबईच्या कालिना येथील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा १९५८ पासूनची. रक्त, विष, दारू तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत पुढे संगणकही येऊ लागले. १७ ऑक्टोबर २००० रोजी माहिती तंत्रज्ञान कायदा अमलात आला आणि संगणकातल्या नोंदीला कायद्याची ओळख मिळाली.

या काळातली पद्धत समजायला सोपी आहे, कारण ती पंचनाम्यासारखीच आहे. संगणक जप्त करायचा. त्याची हार्डडिस्क अशा उपकरणाला जोडायची की त्यातून वाचता येईल, पण तीत एक अक्षरही लिहिता येणार नाही. मग तिची जशीच्या तशी नक्कल काढायची, पुसून टाकलेल्या फायलींच्या अवशेषांसकट. तपास नकलेवर करायचा, मूळ डिस्क मुद्देमालात सीलबंद ठेवायची.

सील म्हटले की आपल्यासमोर लाख येते. संगणकातले सील म्हणजे 'हॅश'. संपूर्ण डिस्कमधील मजकूर गणिताच्या एका यंत्रातून फिरवला की आकड्या-अक्षरांची एक ठरावीक लांबीची ओळ बाहेर पडते. मजकुरात एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी ती ओळ पार वेगळी येते. जप्तीच्या दिवशीची ओळ आणि न्यायालयातल्या दिवसाची ओळ जुळली की मधल्या काळात कोणी हात लावलेला नाही असे समजायचे. 'एमडी-५' हे असे एक जुने गणित. २००४ मध्ये चिनी संशोधकांनी त्याला फसवता येते हे दाखवले. तेव्हापासून 'एसएचए-२५६' सारख्या अधिक भक्कम गणितांकडे वळणे भाग पडले. लाखेचे सील वितळवून पुन्हा लावणारे असतात, तसेच हे.

या साऱ्या पद्धतीचा पाया एकच होता. पुरावा असलेले यंत्र पोलिसांना उचलून आणता येत होते.

यंत्र दिसेनासे झाले

२००६ मध्ये ॲमेझॉनने आपल्या संगणकांची जागा आणि ताकद भाड्याने द्यायला सुरुवात केली. २००८ मध्ये ड्रॉपबॉक्स आले, गुगलच्या सेवा वाढल्या. भारत सरकारनेही २०१४ मध्ये स्वतःचा राष्ट्रीय क्लाउड उभा केला आणि त्याला समर्पक नाव दिले, 'मेघराज'. क्लाउड म्हणजे आकाशातले काही नाही. दूर कुठेतरी थंडगार खोल्यांत हजारो संगणक रांगेने उभे आहेत, आणि आपला मजकूर त्यांतल्या कोणत्या तरी यंत्रावर, बहुधा तुकड्यातुकड्यांनी, दोन-तीन प्रतींत ठेवलेला आहे. त्याच यंत्रावर शेजारी दुसऱ्या शेकडो लोकांचा मजकूर आहे. बाजार समितीच्या गोदामात आपले कापसाचे गाठोडे ठेवावे, तसे. फरक इतकाच, की इथे गोदाम कुठे आहे हे ठाऊक नसते आणि गाठोडे रोज जागा बदलत असते.

आता पोलिसांनी जप्त काय करायचे? गोदामच उचलायचे तर शेकडो निरपराध लोकांचा माल त्यात जाईल.

महाराष्ट्राने या अडचणीचा पहिला मोठा फटका २००८ मध्ये अनुभवला. त्या वर्षी २६ जुलैला अहमदाबादेत स्फोट होण्याच्या काही मिनिटे आधी एक ई-मेल आली. तिचा माग काढत तपास नवी मुंबईतल्या सानपाड्यात, एका अमेरिकन नागरिकाच्या घरी पोहोचला. प्रत्यक्षात त्याच्या उघड्या वायफायचा दुसऱ्याच कोणी वापर केला होता. इंटरनेटवरचा पत्ता घरापर्यंत नेतो, माणसापर्यंत नेईलच असे नाही, हा धडा तिथे मिळाला.

चारच महिन्यांनी २६ नोव्हेंबरचा हल्ला झाला. हल्लेखोरांना फोनवरून सूचना देणारे लोक इंटरनेटमार्फत बोलणारी सेवा वापरत होते, आणि ती सेवा देणारी कंपनी अमेरिकेतल्या न्यू जर्सीत होती. खाते खोट्या नावाने उघडलेले होते. मुंबईतल्या गुन्ह्याच्या नोंदी सातासमुद्रापार, खासगी कंपनीच्या यंत्रांत होत्या. त्या मिळाल्या त्या दोन देशांच्या सहकार्याने, आणि एफबीआयच्या लोकांनी मुंबईच्या विशेष न्यायालयात साक्षी दिल्या. जगभर गाजलेल्या खटल्यात असे सहकार्य मिळते. एखाद्या खेड्यातल्या फसवणुकीच्या प्रकरणात ते किती मिळेल, हा प्रश्न तेव्हापासून आहे. भारत आणि अमेरिका यांच्यातला परस्पर कायदेशीर साहाय्याचा करार २००५ पासून अमलात आहे, पण त्याची वाट सरकारी खात्यांतून जाणारी, लांबची आहे.

अमेरिकेलाही हे चुकले नाही. २०१३ मध्ये तिथल्या न्यायालयाने मायक्रोसॉफ्टकडे एका खात्याच्या ई-मेल मागितल्या. मजकूर आयर्लंडमधल्या यंत्रावर आहे, आमचा हुकूम तिथे कसा चालेल, असे कंपनीने विचारले. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि शेवटी मार्च २०१८ मध्ये वेगळा कायदा करून तो मिटवावा लागला. २०१४ मध्ये अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेने क्लाउडमधल्या तपासाच्या अडचणींची यादी मसुद्याच्या रूपाने काढली, ती ६५ भरली!

नवी हत्यारे

तरीही माग निघतो. त्यासाठी गेल्या दीड दशकात जी साधने तयार झाली, त्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार वापरणाऱ्याच्या यंत्रावर उरलेल्या खुणांचा. मजकूर क्लाउडमध्ये असला तरी तो पाहायला मोबाइल किंवा संगणक लागतोच. ऑस्ट्रेलियात क्विक आणि चू या संशोधकांनी २०१३ च्या सुमारास ड्रॉपबॉक्स, गुगल ड्राइव्ह अशा सेवा वापरून पाहिल्या आणि संगणकात मागे काय उरते याची नोंद केली. फायलींची नावे, वेळा, खात्याचे नाव, ब्राउझरच्या स्मृतीतले तुकडे, असे बरेच काही उरते. चोर निघून गेला तरी ओल्या मातीत पावले राहतात, तशीच ही पावले.

दुसरा प्रकार खात्याच्या दारातून आत जाण्याचा. खातेदाराच्या परवान्याने किंवा न्यायालयाच्या आदेशाने, सेवा देणाऱ्या कंपनीने ठेवलेल्या अधिकृत वाटेने मजकूर उतरवून घ्यायचा. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स विद्यापीठात वासिल रुसेव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'कुमॉड' नावाचे असे साधन तयार केले. त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. गुगल डॉक्ससारख्या सेवेत लेख हा मुळात एका कागदासारखा नसतोच. कोणी, केव्हा, काय लिहिले आणि काय खोडले याची ती लांबलचक यादी असते. आपण फाइल उतरवून घेतो तेव्हा हाती येतो तो शेवटचा कागद. खोडाखोडीचा इतिहास मागेच राहतो. म्हणजे नकलेवर समाधान न मानता मूळ वही पाहायची, हे कोतवाल बुकाचेच सूत्र!

तिसरा प्रकार खुद्द गोदामाच्या आतला. डायक्स्ट्रा आणि शर्मन या दोघांनी २०१३ मध्ये 'फ्रॉस्ट' ही साधने मांडली. क्लाउडच्या व्यवस्थेतच अशी सोय करायची, की एका ग्राहकाच्या नोंदी शेजाऱ्याला धक्का न लावता वेगळ्या काढता येतील, आणि प्रत्येक नोंदीचे हॅश एकमेकांत गुंफलेले असेल. मधली एक नोंद काढली की सारी साखळी तुटते. वहीच्या पानांना छापील क्रमांक असावेत आणि एक पान फाडले की लगेच कळावे, तसे.

पण हे सारे नोंद शिल्लक असेल तरच. म्हणून २८ एप्रिल २०२२ रोजी 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेने काढलेल्या आदेशाला महत्त्व आहे. संगणकीय यंत्रणांच्या लॉग म्हणजे रोजनाम्याच्या नोंदी १८० दिवस जपायच्या, आणि क्लाउड सेवा देणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षे ठेवायची, असे त्यात सांगितले आहे. सर्व यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या किंवा एनआयसीच्या वेळेशी जुळवावीत, हेही त्यात आहे. घड्याळाची ही बाब किरकोळ वाटेल, पण तिच्यावर एखाद्याची अब्रू अवलंबून असते. ते कसे, हे पुढे पाहू.

जालन्याचा निकाल

पुरावा सापडणे वेगळे आणि न्यायालयात टिकणे वेगळे. हा कायदा घडवण्यात एका मराठी मतदारसंघाचा मोठा वाटा आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांचा २९६ मतांनी पराभव केला. खोतकरांचा अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी तीनची वेळ संपल्यावर दाखल झाला, असे गोरंट्याल यांचे म्हणणे होते. आधार होता निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्यांच्या चित्रणाचा. पण या चित्रणासोबत कायद्याने मागितलेले प्रमाणपत्र नव्हते. अनेकदा मागूनही अधिकाऱ्यांनी ते दिले नाही. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

प्रमाणपत्र हवेच की नको, यावर न्यायालयांची मते २००५, २०१४ आणि २०१८ मध्ये वेगवेगळी पडली होती. १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने घोळ संपवला. मूळ यंत्रच न्यायालयात आणून दाखवता येत असेल, तर प्रश्न नाही. पण यंत्र मोठ्या जाळ्याचा भाग असेल आणि आणणे अशक्य असेल, तर प्रमाणपत्र लागेलच. ज्याने ते मिळवण्यासाठी सारे प्रयत्न केले आणि ज्याला ते नाकारले गेले, त्याला मात्र कायदा अशक्य गोष्ट करायला सांगणार नाही. इतर पुरावाही पुरेसा असल्याने खोतकरांचे अपील फेटाळले गेले. क्लाउड म्हणजे आणता न येणारे यंत्र. त्यामुळे जालन्याच्या एका घड्याळावरून झालेला हा निकाल देशातल्या प्रत्येक क्लाउड प्रकरणाला लागू पडतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम अमलात आला. त्याच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत. एक पुरावा देणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. आणि त्यात हॅशची ती ओळ लिहावी लागते. गणितातले सील असे कायद्याच्या नमुन्यात आले.

गावाच्या नावावर कोण आले?

आता पुन्हा आर्णी तालुक्याकडे येऊ. एवढ्या जन्मनोंदी कोणाला कशाला हव्या असतील? उत्तर कायद्यात आहे. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, पासपोर्ट, सरकारी नोकरी अशा अनेक कामांना जन्माचा दाखला हाच आधार झाला आहे. कोतवाल बुकातल्या ओळीला जी किंमत होती, तीच आता पडद्यावरच्या ओळीला आली.

अशा प्रकरणात तपास करणाऱ्याने काय पाहावे? नोंद झाली ती वेळ, वापरलेला लॉगिन, ओटीपी गेलेला मोबाइल क्रमांक, आणि इंटरनेटवरचा पत्ता. सर्वांत आधी रीत पाहायची. माणूस थकतो, जेवायला उठतो, सुटीच्या दिवशी येत नाही. नोंदी रात्रंदिवस एकाच लयीत पडत असतील, तर त्या हाताने भरलेल्या नाहीत. मग पत्ता घेऊन इंटरनेट कंपनीकडे जायचे. इथे घड्याळ येते. पुष्कळ यंत्रे जागतिक वेळेत नोंद ठेवतात आणि भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. शिवाय मोबाइल कंपन्या एकच पत्ता एका वेळी अनेक ग्राहकांना वाटून देतात. नेमका सेकंद आणि सोबतचा पोर्ट क्रमांक नसेल, तर बोट भलत्याच माणसाकडे दाखवले जाईल. सानपाड्याचा धडा इथेही आहेच.

या साऱ्यात पणाला काय लागते, हे पाहिले पाहिजे. एखाद्या ग्रामपंचायतीच्या नावाने खोटे दाखले निघाले, की त्या गावात खरोखर जन्मलेल्या मुलाचा दाखलाही उद्या संशयाने पाहिला जाईल. ज्या ग्रामसेवकाच्या लॉगिनने नोंदी झाल्या, त्याच्यावर पहिला आळ येईल. तो सामील होता की त्याची किल्ली कोणी पळवली, हे सांगू शकेल असा निःपक्षपाती साक्षीदार एकच आहे, आणि तो म्हणजे दूरच्या यंत्रातला रोजनामा. तोच अपराध्याला पकडून देईल आणि तोच निरपराध्याला सोडवील. मात्र तो कायमचा बोलत नाही. १८० दिवसांचा नियम असला तरी एकशे एक्याऐंशीव्या दिवशी नोंद असेलच, याची हमी कोणी देत नाही. म्हणून संशय आला की पत्रापत्रीत महिने न घालवता, नोंदी जतन करण्याचे लेखी पत्र त्याच दिवशी गेले पाहिजे.

आणि आपल्या पातळीवर? कार्यालयाचा पासवर्ड वहीच्या मागच्या पानावर लिहिणे, 'साहेब बाहेर आहेत, त्यांचा ओटीपी मीच टाकतो' असे म्हणणे, एक लॉगिन चौघांनी वापरणे, या गोष्टी आपल्याकडे कामाच्या सोयीत मोडतात. जुन्या काळी गावच्या वहीची पेटी कोणी उघडी टाकून जात नसे. किल्ली कोणाकडे आहे, हे गावाला ठाऊक असे. वही आता ढगात गेली आहे, पण किल्ली अजून गावातच आहे. एका माणसाची किल्ली एकाच माणसाच्या हातात राहिली, महिन्याच्या अखेरीस आपल्या गावच्या नोंदींची संख्या नुसती डोळ्यांखालून घातली, तरी तीनशेव्या खोट्या बाळाच्या वेळीच कोणाला तरी शंका आली असती. सत्तावीस हजारांची वाट पाहावी लागली नसती.